बाहेरून आरसा

एर्सिलियाबाईंच्या घराला रस्त्याकडे एकच खिडकी, आणि तीही पश्चिमेला. दीड पुरुष उंच, बाहेरून लोखंडी गज, आत आठ काचा. काचा सासऱ्यांच्या वेळच्या, मध्येमध्ये लाटा आलेल्या. फेब्रुवारी सरला की दुपारी दोनला ऊन आत शिरायचं ते सूर्य बुडेपर्यंत मुक्कामाला. ग्वातेमाला शहराच्या जुन्या भागातली घरं सगळी अशीच, भिंती हातभर जाड आणि खिडक्या म्हणजे भट्टीची तोंडं. म्हातारीचे पाय जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत, त्याच खिडकीत, सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत. पाववाला, लॉटरीची तिकिटं विकणारी, शाळेतल्या बाई, समोरची तेन्चा, सगळे जाता-येता हात करायचे आणि म्हातारी राणीसारखी मान हलवायची. तेवढंच जग तिला उरलं होतं.

उन्हानं मात्र तिचा जीव नकोसा केला होता. तीन वर्षं ती लेकीच्या मागे लागली होती की बाई गं, त्या काचेला काहीतरी लाव, लोक फिल्म लावून घेतात म्हणे हल्ली. मिर्नाचं उत्तर ठरलेलं: शाल घे डोक्यावर. मिर्ना चोपन्न वर्षांची, बिनलग्नाची. सकाळी सहाव्या रस्त्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानात उभी राहायची आणि उरलेला दिवस आईचं हगणं-मुतणं काढायची. अशा बाईला काचेचे लाड कुठून सुचणार?

आणि त्या वर्षी, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याला तीन आठवडे असताना, मिर्नानं एका शनिवारी आपण होऊन मिस्त्री बोलावला. म्हातारीला भरूनच आलं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, शेवटी आलीच ना आईची दया. मिर्नानं आईला मागच्या खोलीत नेऊन निजवलं आणि दार ओढून घेतलं.

दया वगैरे काही नव्हतं हो. दोनच दिवसांपूर्वी, गुरुवारी, तिच्या दुकानात एस्तुआर्दो आला होता.

एस्तुआर्दो तिचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांनी तोंड दाखवत होता. या मोन्सोन घराण्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या येशूची पालखी वाहत आले. बापानं बेचाळीस वर्षं वाहिली, उजव्या खांद्याला बैलासारखा घट्टा पडला होता त्याच्या. एस्तुआर्दोनं लग्न केलं आणि बायकोच्या पंथात गेला. त्या पंथात मूर्ती चालत नाही. तिथवर ठीक, ज्याचा त्याचा देव. पण हा शहाणा रविवारी जेवायला बसला आणि बापाला तोंडावर म्हणाला की बाबा, तुम्ही उभा जन्म एक ओंडका वाहिलात. बाप ताटावरून उठला. दोन महिन्यांनी हृदय बंद पडून गेला. आणि अंत्यविधीच्या मिस्सा-प्रार्थनेच्या वेळी हा देवळात मूर्ती आहेत म्हणून समोरच्या फुटपाथवर टोपी हातात घेऊन उभा राहिला. बापाच्या शवपेटीला खांदा दिला नाही.

एर्सिलियाबाईंनी तिथेच, सगळ्या गल्लीदेखत शपथ घेतली. आपल्या घरासमोरून येशूच्या पालखीला खांदा देत जाशील तेव्हाच माझा उंबरा चढायचा, तोवर चिठ्ठी नाही, निरोप नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असलं ते घर. आईनं शब्द फिरवला नाही आणि लेकानं मान वाकवली नाही.

पण शपथ घातली म्हणून आईचा जीव लेकावरून उठतो होय? रोज ताटावर त्याचंच नाव. मिर्ना अंग पुसतेय, कूस बदलून देतेय, आणि म्हातारी सांगतेय की एस्तुआर्दो लहानपणी कसा गोरा होता. आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं. हे घर एस्तुआर्दोचं आहे. तो ज्या दिवशी खांदा देईल त्या दिवशी मी नोटरीला बोलावणार. तुलाही स्वयंपाकघराशेजारची खोली देईल हो तो, काही दगड नाही. ही शेजारची खोली म्हणजे कोळसा ठेवायची जागा होती, तिला खिडकीसुद्धा नव्हती. मिर्ना हे हजारदा ऐकून होती. बोळा पाण्यात बुडवायची, पिळायची, आणि आईची पाठ पुसत राहायची.

तर हा एस्तुआर्दो दुकानात आला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, डोळ्यांखाली पिशव्या. बायको आदल्या वर्षी गेली म्हणाला. त्या पंथाच्या सभेलाही आता जात नाही, जीव लागत नाही. आणि मग काउंटरवर दोन्ही हात ठेवून, मोठ्या बहिणीकडे न बघता म्हणाला:

"ताई, मी पालखी वाहायची पाळी घेतलीय. पवित्र गुरुवारची, आपल्याच गल्लीची. पाळीच्या चिठ्ठीवर तोच चौक आहे, दोनदा बघून घेतलं. आई खिडकीत बसलेली दिसली तर समजेन की माफ केलं. खांदा सुटला की दारावर येईन. नाही दिसली, तर शुक्रवारी मुलीकडे ह्यूस्टनला निघतो, तिकीट काढलंय. मग मी पुन्हा काही त्रास देणार नाही. एवढं सांगशील?"

"सांगते," मिर्ना म्हणाली. त्याला तिनं कागदी पेल्यातून पाणीसुद्धा दिलं.

ती सांगणार नव्हती, हे तिला तो दाराबाहेर पडायच्या आधीच कळलं होतं. पण न सांगून भागणार थोडंच होतं? पवित्र गुरुवारी म्हातारी खिडकीत बसणार म्हणजे बसणार. ताप असो, भूकंप असो. खुर्ची मागे ओढली असती तर तिनं ओरडून गल्ली गोळा केली असती. पडदा लावला असता तर दातांनी फाडला असता. ती बसणार, तो बघणार, दार वाजणार, सोमवारी नोटरी येणार, आणि मंगळवारी मिर्नाच्या कपड्यांची पेटी कोळशाच्या खोलीत. ती रात्रभर तळमळली. सकाळी दुकानात जाताना एका बँकेच्या काचेत तिनं नेहमीप्रमाणे आपले केस सारखे केले, आणि हात केसांतच राहिला. त्या काचेमागे खुर्चीवर बसलेला पहारेकरी तिला कधी दिसला होता का?

मिस्त्रीचं नाव ओबदुलिओ. एरवी गाड्यांच्या काचा काळ्या करून देणारा, पण घरंही घ्यायचा. माणूस बोलका, आणि बोलत होता ते खरं होतं. फिल्मनं निम्म्याहून जास्त ऊन बाहेरच थांबतं म्हणाला. लाकडाचा, कापडाचा, तसबिरींचा रंग उडत नाही. भूकंपात जुनी काच फुटली तरी फिल्मला चिकटून राहते, अंगावर तुकडे येत नाहीत. शहात्तर सालच्या मोठ्या भूकंपात निम्म्या शहराचे पाय काचांनीच कापले होते. शिवाय घरात काय आहे ते चोराला दिसत नाही. मग त्यानं नमुने काढले. एक जवळपास पारदर्शक, थोडी महाग, आतून-बाहेरून दोन्हीकडून दिसणारी. दुसरी रुपेरी.

"आजी खिडकीत बसतात ना? मग पहिली घ्या, ताई," तो म्हणाला. "येणाऱ्या-जाणाऱ्याशी नमस्कार होतो, म्हाताऱ्या माणसाला बरं असतं ते."

"आणि ही रुपेरी?"

"हिच्यात आतून बाहेरचं सगळं दिसतं. बाहेरून आरसा."

"हीच लाव," मिर्ना म्हणाली.

ओबदुलिओनं पात्यानं काचा खरवडल्या, साबणाचं पाणी फवारलं, फिल्म चढवली आणि रबरी पट्टीनं एकेक बुडबुडा कडेला ढकलून काढला. हात सफाईचा होता त्याचा. जाताना बजावून गेला की महिनाभर आतून ओल राहते, खिडकी उघडायची नाही आणि काच पुसायची नाही. हे तर मिर्नाला मागूनही मिळालं नसतं. तिनं कडीला तारेचा वेढा घालून टाकला.

म्हातारीला उठवून खुर्चीतून खिडकीशी आणलं, तर तिला काच जराशी निळसर वाटली, एवढंच. ऊन आलं, पण चटका आला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा तिला दुपारी खुर्चीत डुलकी लागली. नवऱ्याचा पालखी वाहायचा जांभळा मखमली झगा भिंतीवरच्या काचपेटीत होता, त्याचा आणखी रंग जाणार नाही म्हणून ती तीनदा देवाचे आभार मानून झाली. मिर्ना, तू शंभर वर्षं जगशील, म्हणाली. फायदे सांगावेत तेवढे थोडे, आणि एकही खोटा नाही. म्हणून तर गल्लीत आजही मिर्नाचं नाव घेतात.

मग सोमवारपासून सुरू झालं. पाववाला सायकलवरून खिडकीसमोरून गेला आणि त्यानं हात केला नाही. एर्सिलियाबाईंना वाटलं घाईत असेल. लॉटरीवाली आली, खिडकीपाशी थांबली, म्हातारीनं हसून मान हलवली, तर तिनं ओठ फाकवून दात दाखवले, बोटानं एक दात चाचपला आणि निघून गेली. शाळेतल्या बाई रोज किती अदबीनं वाकायच्या. त्यांनी म्हातारीच्या डोळ्यांत डोळे घालून ओठांचा चंबू केला, भुवया उडवल्या आणि चालू पडल्या. एका इसमानं नाकातला केस उपटला. म्हातारीला हे काही उमजेना. चार दिवस ती हात करत राहिली. पाचव्या दिवशी रडली.

"लोक वेडावतात गं मला. मी काय केलं त्यांचं?"

"म्हातारं झालं की असंच, आई," मिर्ना म्हणाली. "कोण विचारतं?"

आणि हे बोलताना तिला बरं वाटलं. का खोटं बोला? वीस वर्षं तिला कुणी विचारलं नव्हतं. आता आईलाही कळू दे कसं लागतं ते. रोज दुपारी दुकानातून आली की ती विचारायची, आज कुणी हात केला का, आणि म्हातारी मान खाली घालून नाही म्हणायची, तेव्हा मिर्नाला जेवण गोड लागायचं.

एकदाच तिची तंतरली. पहिल्याच मंगळवारी संध्याकाळी सातला ती दूध घेऊन आली तर बाहेरून सगळं लख्ख दिसत होतं. म्हातारीनं हाताशी असलेल्या दोरीनं दिवा लावला होता, बाहेर अंधार, आणि खिडकी म्हणजे सिनेमाचा पडदा. आत एर्सिलियाबाई नाक शिंकरताहेत, सगळ्या गल्लीला दाखवून. नशीब, रस्त्यावर कुणी नव्हतं. मिर्नाला लगेच समजलं की ही काच जिकडे उजेड तिकडची बाजू घेते. त्या दिवसापासून ऊन कललं की आधी पडदा आणि मग दिवा, आणि दिव्याची दोरी तिनं वर बांधून टाकली.

समोरच्या तेन्चानं दोनदा दार वाजवलं. खिडकीत दिसत नाही, बरी आहे ना एर्सिलिया? मिर्नानं उंबऱ्यावरूनच सांगितलं की डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, मागच्या खोलीत असते, भेटणं बंद. तेन्चा काळजीनं म्हणाली, तू आहेस म्हणून निभावतंय बाई. आणि जाता जाता खिडकीत बघून तिनं आपलं टिकलीएवढं कानातलं सरळ केलं.

पवित्र गुरुवार आला. सकाळपासून गल्लीनं रस्त्यावर रंगीत भुशाचा गालिचा घातला, जांभळा, पिवळा, मध्ये पांढऱ्या फुलांचा क्रूस. मिर्नानंही भुसा चाळून दिला, सगळ्यांना थंडगार सरबत पाजलं. पालखी चारला या चौकात यायची होती. म्हातारी दोनलाच काळी लेस डोक्यावर घेऊन खिडकीत बसली. हातात नवऱ्याचा रुमाल. तिला लेकाचं काहीच ठाऊक नव्हतं. ती दरवर्षी बसायची तशी बसली होती.

पण चार वाजता येणारी पालखी चारला कधी आली आहे? पाच वाजले. धुपाचा वास आला, पण बँडचा आवाज अजून लांब. साडेपाच. मिर्ना दारात उभी राहून एकदा रस्त्याच्या टोकाला बघत होती आणि एकदा सूर्याकडे. सहा वाजता रस्त्यावरचे दिवे लागले. खोलीत अंधारून आलं.

"दिवा लाव गं," म्हातारी म्हणाली. "मी बसलेय हे लोकांना दिसू दे. रुसलेत माझ्यावर, निदान देवादेखत तरी बघतील."

मिर्ना आत गेली आणि मेन स्विच खाली ओढला. "आपली लाइट गेली, आई. फ्यूज उडाला."

"आजच उडायचा होता मेल्याला," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा काचेकडे वळली.

सव्वासहाला पालखी वळणावर आली. एखाद्या बसपेक्षा लांब, वर क्रूसाखाली वाकलेला येशू, चहूबाजूंनी विजेचे दिवे, मागे त्या दिव्यांना वीज देणारा जनरेटर धडधडत. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस माणसं जांभळ्या झग्यांत, खांदा लाकडाला लावून एका पावलाला डावीकडे, एका पावलाला उजवीकडे डुलत. बँडचे ढोल असे की छातीत वाजावेत. सगळी गल्ली उजळून निघाली आणि खिडकीच्या आत काळोख. मिर्नाच्या मनासारखं झालं होतं.

चौकातून गालिच्यावर पाय पडताच खांदे बदलले. नवी माणसं आत शिरली. आणि म्हातारीनं पाहिलं. खिडकीकडच्या रांगेत, पुढून सातवा. टक्कल पडलं म्हणून काय झालं? नऊ महिने पोटात वागवलेलं.

"मिर्ना," ती किंचाळली, "अगं एस्तुआर्दो. एस्तुआर्दोनं खांदा दिला."

पालखी इंचाइंचानं पुढे आली आणि बरोबर खिडकीसमोर थांबली, वरच्या तारा काठीनं उचलायच्या होत्या म्हणून. लेक दोन हातांवर. त्यानं मान वळवली आणि सरळ आईच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारीनं रुमाल हलवला. दोन्ही हात केले, ये म्हणून. अंगठीनं काच वाजवली, पण ढोलांपुढे अंगठी काय वाजणार. तो बघत होता. त्याला दिसत होते जांभळे झगे, दिवे, लाकडाखाली घामानं निथळलेला एक जाडा, टकला माणूस, आणि त्या खिडकीत दुसरं कुणी नाही. त्यानं बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घातली. पालखी हलली.

"थकलाय," म्हातारी म्हणाली. "खांदा सुटला की येईल. दार उघडं ठेव. मासा गरम कर, बटाटे घाल जास्त, त्याला आवडतात. सोमवारी नोटरी... तू जा ना दारात."

मिर्ना दारात गेली. गल्लीच्या टोकाला घंटा वाजली, खांदे बदलले, आणि गर्दीतून उलट्या दिशेनं एस्तुआर्दो आला. हाताचे मोजे काढून मुठीत धरलेले. पालखी पुढे गेली होती तरी मागचा बँड अजून घरासमोरच वाजत होता, त्यामुळे त्याला वाकून बहिणीच्या कानाशी बोलावं लागलं.

"खिडकीत नव्हती," तो म्हणाला.

"मागच्या खोलीत आहे."

"माझा निरोप दिलास?"

"शब्दन्‌शब्द दिला. म्हणाली, दार लावून घे."

मिर्नाला वाटलं होतं जीभ अडखळेल. जरासुद्धा अडखळली नाही. एस्तुआर्दोनं मान हलवली, दोनदा, तीनदा, दुकानात भाव न जमलेल्या गिऱ्हाइकासारखी. मग तिच्या गालाला गाल लावून म्हणाला, ताई, तू तिचं सगळं केलंस, देव तुझं भलं करो. आणि निघाला.

निघाला तो खिडकीवरून. तिथे थांबला. आत म्हातारी खुर्चीतून अर्धी उठली होती, पाय गेलेली बाई, नुसत्या हातांच्या जोरावर. लेकाचं तोंड काचेपलीकडे वीतभर. तिनं तळहात काचेवर त्याच्या गालाच्या जागी ठेवला. डोळ्यांच्या कडेला हात लावून त्यानं आत डोकावलं असतं तर तेवढ्यानंही ती दिसली असती, पण ज्या आईनं दार लावून घ्यायला सांगितलं तिच्या घरात कसं डोकावायचं? तो काचेत स्वतःला रडताना बघत उभा राहिला. मग बाहीनं तोंड पुसलं, झग्याची कॉलर सारखी केली आणि गेला.

मिर्नानं दार लावलं. ती आत आली तेव्हा म्हातारी खुर्चीत परत कोसळली होती आणि रुमाल जमिनीवर पडला होता.

"मी हात लावला," म्हातारी म्हणाली. "त्यानं माझ्याकडे बघितलं. तोंड पुसलं. कॉलर नीट केली. आणि गेला."

"मी पाहिलं, आई."

बाहेर गालिचा तुडवला गेला होता आणि लोक फुलं उचलत होते. मग म्हातारी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सोमवारी नोटरीला बोलाव. घर तुझ्या नावावर करते. माझ्या पोटी एकच मूल आलं असं समजते मी."

अकरा वर्षं. अकरा वर्षं मिर्ना या वाक्याची वाट बघत होती, आणि ते असं, मीठ मागावं तसं आलं. तिला हसू फुटलं, रडूही आलं. आनंदानं तिला काही सुचेना. आईला आता मासा भरवावा, गरम गरम, म्हणून ती धावत आत गेली आणि तिनं मेन स्विच वर केला. फ्यूज उडाला हे पटावं म्हणून संध्याकाळी तिनंच आईदेखत दिव्याची दोरी ओढून दाखवली होती, ती तशीच राहिली होती. खोली उजळली. पडदा पालखीसाठी उघडा होता तो उघडाच.

म्हातारी खिडकीत बघत होती. रस्ता गेला. फुलं, माणसं, तेन्चाचं घर, सगळं गेलं. काचेत काळी लेस घेतलेली एक म्हातारी होती, आणि तिच्यामागे हातात ताटली घेऊन दारात आलेली मिर्ना.

तेवढ्यात काचेवर थाप पडली. तेन्चाचा आवाज काय, तीन घरं पलीकडे जाणारा.

"एर्सिलिया, दिसलीस गं एकदाची. तीन आठवडे या आरशात स्वतःचंच थोबाड बघून विटले मी. आणि काय गं, एस्तुआर्दो इथं काचेसमोर उभा राहून लहान मुलासारखा रडत होता, घेतला नाहीस आत?"

मिर्नानं ताटली खाली ठेवली. काचेशी जाऊन, जिथे तेन्चा असेल तिकडे बघून हसून हात केला आणि पडदा ओढून घेतला. मग ती वळली. म्हातारी मूर्ख कधीच नव्हती.

"त्याला मी दिसले का?" तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण मिर्नाला आता खोटं बोलायची गरजच वाटली नाही, आणि खरं सांगण्यात काय गोडी आहे ते तिला त्या क्षणी कळलं.

"नाही," ती म्हणाली. "कुणालाच दिसत नव्हतीस."

म्हातारीचे ओठ हलले. "त्याला बोलाव."

"उद्या विमान आहे त्याचं. ह्यूस्टनला."

"तेन्चाला आत घे."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"मी नोटरीला सांगेन. सगळं सांगेन."

"नोटरीला फोन कोण करणार, आई?" मिर्ना म्हणाली. ती रागावून नव्हती बोलली. गळ्याशी रुमाल बांधून, खुर्ची टेबलाकडे फिरवून, तिनं माशाचा घास चमच्यात घेतला आणि आईच्या तोंडापुढे धरला.

म्हातारीनं दात आवळले. घास हनुवटीवरून खाली गेला. मिर्नानं पुसलं. शुक्रवारी सकाळी तेच झालं, दुपारी तेच. शुक्रवारी तीनला, येशूनं प्राण सोडला त्या वेळी, अख्खं शहर काळ्या झग्यांत गेलं आणि डोक्यावरून उत्तरेकडे एक विमान गेलं. म्हातारी वर बघत राहिली. शनिवारी तिनं पाणीसुद्धा थुंकून टाकलं आणि मिर्नाच्या हातावर चावली. कागदावर सही झाली नाही ती नाहीच. पण सही नसली म्हणून घरातून कोण कुणाला काढणार होतं? मिर्ना कामं करत राहिली. कूस बदलली, चादर बदलली, पाठ पुसली. खोली छान गार होती.

रविवारी सकाळी पुनरुत्थानाच्या घंटा वाजत होत्या. मिर्ना वाटीत मक्याची पेज घेऊन आली आणि खुर्चीसमोर स्टुलावर बसली. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर वाटीवर होती. ओठ फुटलेले, आणि पोटातून येणारा आवाज दोघींनाही ऐकू येत होता. मिर्नानं चमचा भरला, गरम होता म्हणून त्यावर हलकेच फुंकर घातली, लहान मुलाला घालतात तशी, आणि पुढे केला.

म्हातारीनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.